धूर धुण्याचं पाणी

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे मी दारू जाळायच्या नोकरीला होतो असं सांगितलं की समोरचा आधी मला सरकारी खात्यातला समजतो आणि मग डोळा मिचकावून विचारतो, सगळीच जाळत होता की थोडी घरीही आणत होता. हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता हसायचं नाटकही करत नाही. आमची दारू वेगळी. तोफेच्या गोळ्याला मागून ढकलते ती. बोटाएवढ्या पिवळट कांड्या, मधून पोकळ, हाताला मेणासारख्या गुळगुळीत. दिसायला अगदी गरीब.

या दारूलाही वय असतं. म्हातारी झाली की ती आतल्या आत तापत जाते आणि एखाद्या उन्हाळ्यात कुणी काडी न लावताही पेटते. त्याआधी ती आपणच बेताने जाळून टाकायची असते. हे काम करणारा आमचा कारखाना छोटा होता, खाजगी होता. त्याचं नाव सांगत नाही, आता तिथे कुलूप आहे. मी रसायनशास्त्रातला बी.एस्सी. वडील कचेरीत कारकून होते, मी मास्तर व्हावं अशी त्यांची फार इच्छा होती. माझा तापट स्वभाव बघता मी मास्तर झालो नाही हे जिल्ह्यातल्या पोरांचं नशीब.

सुरुवातीची वर्षं आम्ही उघड्यावर जाळायचो. मोकळ्या मैदानात कांड्यांचा पातळ पट्टा पसरायचा, वारा बघायचा, एका टोकाला पेटवायचं आणि लांब आडोशाला जाऊन बसायचं. ज्वाळा क्षणात उठायची आणि तिच्यामागून विटेच्या भुग्याच्या रंगाचा धूर निघायचा. दारूच्या पोटातला नायट्रोजन जळताना हवेतल्या प्राणवायूला धरतो, त्याचा हा धूर. तो वर जायच्या ऐवजी जमिनीलगत सरकायचा आणि शेजारच्या शेतांत शिरायचा. कपाशीची पानं कडेने करपायची. गावातली माणसं गेटावर यायची, शिव्या द्यायची, त्या रास्तच असायच्या. साहेब आतून निरोप पाठवायचे की वारा बदलला होता. वारा बिचारा काय बोलणार.

मग तक्रारी वर गेल्या आणि मालकाला बंद भट्टी बसवावी लागली. बाहेरगावाहून आलेल्या एका इंजिनिअरने ती आम्हाला समजावून दिली. पहिल्या कप्प्यात हवा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे विषारी धूर बराचसा तिथेच मोडतो आणि त्याचा साधा नायट्रोजन होतो. दुसऱ्या कप्प्यात भरपूर हवा देऊन उरलेलं जाळायचं. शेवटी तो धूर एका उंच टाकीतून जायचा. तिथे वरून फवाऱ्याने युरिया आणि सोड्याचं पाणी पडत राहायचं. ते पाणी धुराला धुऊन काढायचं, खाली हौदात जमायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. चिमणीतून निघायची ती नुसती पांढरी वाफ. ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. इतकी वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्यावर हे आपल्या हातून झालं याचा अभिमान वाटला आणि तो मी घरी बायकोला तीन दिवस ऐकवला.

माझा जोडीदार आंजीकडचा. मोठ्या आंजीपासून आत एक गाव आहे, तिथला पिढीजात शेतकरी. शेती भावकीत विभागून थोडी उरली म्हणून कारखान्यात लागलेला. वयाने माझ्यापेक्षा मोठा, त्यामुळे मी त्याला भाऊ म्हणायचो आणि तो मला कधी बाबू, कधी सायब म्हणून चिडवायचा. भट्टीतली आग माझ्याकडे आणि टाकीचं पाणी त्याच्याकडे, अशी आमची वाटणी होती. युरियाची गोणी पहिल्यांदा फोडली तेव्हा भाऊ हसून लोटपोट झाले होते. "आमच्या पऱ्हाटीले युरिया भेटत नाई अन् तुमी धुराले पाजून राह्यले," म्हणाले. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. भाऊंशिवाय ती नोकरी मला झेपली नसती. मी कुणावरही खेकसलो की मागून जाऊन त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचं काम त्यांचं.

पाण्याच्या बाबतीत भाऊ कमालीचे चिकट. त्यांच्या गावाला उन्हाळ्यात विहिरी खरवडायच्या, हे लहानपणापासूनचं. डबा धुतलेलं पाणीसुद्धा ते कडुनिंबाच्या बुडाशी नेऊन ओतायचे. कुणी नळ उघडा टाकला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. टाकीच्या हौदातलं पाणी ठराविक काळाने पूर्ण सोडून द्यायचं आणि ताजं भरायचं, असा नियम होता. वरवर बघता ते पाणी नितळ असायचं. एवढं नितळ पाणी नालीत सोडताना भाऊंचा चेहरा असा व्हायचा की जणू ताटातलं अन्न फेकतोय. पण सोडायचे. कुरकुर करत का होईना, सोडायचे.

इंजिनिअर जायच्या आदल्या दिवशी त्याने सगळ्यांना सावलीत बसवून एक गोष्ट सांगितली होती. हा धूर छातीत गेला तर थोडा खोकला येईल, डोळे चुरचुरतील आणि अर्ध्या तासात बरं वाटेल. खरा धोका तिथून पुढे आहे. छाती आतून हळूहळू पाण्याने भरत जाते आणि ते कळतं कित्येक तासांनी. तेव्हा बरं वाटतंय म्हणून घरी जायचं नाही, एक दिवस आणि एक रात्र दवाखान्यात काढायची. सगळ्यांनी माना हलवल्या. त्यानंतर चहा आला आणि चहाबरोबर कुणीतरी गुळाचा खडा फिरवला. आमच्याकडे जिनिंगमध्ये काम केलेली बरीच माणसं होती. रुईचा कचरा छातीत बसू नये म्हणून तिथे गूळ खातात, तोच रिवाज त्यांनी इथे आणला होता. धूर लागला, गूळ खा. ठसका बसला, गूळ खा. खाल्ल्यावर बरं वाटायचं, कारण नाहीतरी अर्ध्या तासात बरं वाटणारच होतं. गुळावरचा विश्वास असा दरवेळी पक्का होत गेला.

तो उन्हाळा वाईट होता. आमची बोअर गाळ ओकायला लागली होती, टँकर मागवावे लागत होते. अक्षयतृतीया एका दिवसावर आली होती. दुपारचा घाणा भट्टीत होता आणि आतला दाब उतरण्याऐवजी चढत होता. धूर टाकीकडे ओढला जात नव्हता. मी पंखा बघायला मागच्या बाजूला गेलो. भाऊंना वाटलं आत जळून संपलं असेल, राखेने तोंड धरलं असेल. त्यांनी दाराची खिटी काढली.

आतून तो जुना, ओळखीचा, विटेच्या रंगाचा धूर बाहेर पडला. मी धावलो, भाऊंच्या दंडाला धरून त्यांना ओढलं, दार ढकललं. एवढं करताना जितका श्वास घ्यावा लागतो तितका दोघांनीही घेतला. त्याला आंबूस, नाकात टोचणारा वास होता. आम्ही वाऱ्याच्या वरच्या अंगाला पळत गेलो आणि कडुनिंबाखाली ओणवे होऊन खोकत राहिलो. कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी गूळ. भाऊंनी खडा तोंडात टाकला, मी हातातला फेकून दिला आणि जीप काढायला ओरडलो. भाऊ म्हणाले, एवढा बोभाटा कशाला. मी त्यांना शिवी घातली आणि जीपमध्ये बसवलं.

दवाखान्यात पोचेपर्यंत दोघांचाही खोकला थांबला होता. तिथली डॉक्टरीण तरुण होती पण हुशार. मी कोणता धूर ते सांगितलं, तिने कुणा वरिष्ठाला फोन केला आणि येऊन सांगितलं की छाती आत्ता स्वच्छ आहे, पण उद्या संध्याकाळपर्यंत दोघांनी हलायचं नाही. आम्हाला शेजारशेजारच्या खाटा दिल्या. भाऊ खाटेवर मांडी घालून बसले आणि नर्सला म्हणाले की अशी पांढरीशुभ्र चादर त्यांच्या लग्नातही नव्हती.

मी त्यांना विचारलं, टाकी धूर का घेत नव्हती. मग त्यांनी सांगितलं की हौदातलं पाणी बरेच दिवस बदललेलंच नाही. टँकर येत होते, पण गेटाबाहेर गावातल्या बाया हंडे घेऊन उभ्या असायच्या. त्यांची विहीर आटली होती आणि सरकारी टँकरचा पत्ता नव्हता. भाऊंनी ड्रायव्हरला आमचे टँकर त्या विहिरीत खाली करायला लावले होते. हौदात फक्त उडालेल्या पाण्यापुरती भर घालायची आणि युरिया थोडा वाढवायचा, एवढंच त्यांनी चालू ठेवलं होतं. पाणी नितळ दिसत होतं, चिमणीतून वाफ पांढरी निघत होती. पण तेच तेच पाणी फिरून, आटून घट्ट खारं झालं होतं आणि त्या खाराने वरचे फवारे बुजले होते, टाकीत आतून थर चढले होते. धुराला वाट उरली नव्हती.

"धूर धुवायचं पानी माणसाले प्यायले देल्लं," भाऊ म्हणाले. "पाप झालं का, सांग?"

मला फार राग आला होता. कुणावर ते आजही धड सांगता येणार नाही. ज्या लोकांना आम्ही वर्षानुवर्षं तांबडा धूर पाजला त्यांनाच या माणसाने पाणी पाजलं होतं, याच्यावर रागवायचं कसं? आणि त्या धुरापासून त्यांना वाचवणारं पाणीही तेच होतं. मी तोंड फिरवून पडून राहिलो. पुढे चौकशी झाली, तिच्यात पाणी परस्पर वळवल्याचं लिहिलं गेलं. कुणासाठी वळवलं ते कुणी लिहिलं नाही आणि गावातूनही ते सांगायला कुणी आलं नाही.

सूर्य मावळायच्या सुमाराला भाऊंची बायको आणि चुलतभाऊ आले. वहिनी दारातच थबकल्या, नवऱ्याला धडधाकट बसलेला बघून त्यांच्या जिवात जीव आला. मग हळू आवाजात बोलणं सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की ते न्यायला आलेत. भाऊंचे वडील मागच्या दिवाळीनंतर गेले होते. आमच्याकडे अक्षयतृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. वर्षभरात गेलेल्या माणसाची ती पहिली घागर. ती मुलाने भरायची आणि त्याच्या नावाने माणसं जेवू घालायची. भाऊ एकुलते एक. भावकीला जेवायचं सांगून झालं होतं, वहिनींनी नवी घागर आणून ठेवली होती.

मी उठून बसलो. आधी नीट सांगितलं, मग विनवलं. इंजिनिअर काय म्हणाला होता त्याची आठवण करून दिली. डॉक्टरीण आली, तिनेही सांगितलं. भाऊ सगळं ऐकत होते आणि चपला शोधत होते. श्वास मोकळा होता, चेहरा टवटवीत होता. ते पायऱ्या उतरून, पुन्हा चढून आले आणि बघा म्हणाले. अशा माणसाला आजारी म्हणणाऱ्याचीच लोकांना कीव येते. तसंच झालं. चुलतभाऊ माझ्याकडे बघून हसला.

"बापाची पयली घागर हाय बाबू," भाऊ म्हणाले. "मी नाई भरली तं कोन भरन? सकायी भरतो अन् दहाच्या आत येतो इथं. तू आराम कर."

माझा ताबा सुटला. मी म्हणालो, "घागर बापाला पोचायच्या आधी तुम्हीच पोचाल."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. वास्तू तथास्तु म्हणत असते, वाईट बोलू नये, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मी रागात बोललो, पण खोटं काहीच बोललो नव्हतो. मला त्यांना घाबरवायचं होतं, दुसरा उपायच राहिला नव्हता. भाऊ मात्र हसले, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गेले. वहिनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या लेखी भाऊंना धूर बाधला नाही, माझी जीभ बाधली. त्यांना समजावायला मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा अंगणातूनच परत आलो.

पहाटे मला जाग आली ती छातीवर कुणी बसल्यासारखं वाटून. श्वास आत जात होता पण पुरत नव्हता. खोकल्याबरोबर गुलाबी फेस आला. नर्स तिथेच होती. मास्क लागला, सुया टोचल्या गेल्या. भीतीने मी रात्री सोबतीला थांबलेल्या बायकोचा हात इतका आवळला की बांगडीचा वळ कितीतरी दिवस तिच्या मनगटावर होता. त्यातही मी तिला खूण करत होतो, फोन, फोन. तिला कळलं. तिने भाऊंच्या घरी फोन लावला, यांना असं असं झालंय, तुम्ही आहात तसे निघा म्हणाली. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनाही थोडा दम लागत होता म्हणे, रात्रभर कण्हत होते, पण घागर भरेपर्यंत धरलेल्या उपासाने असेल असं वाटलं होतं. घागर भरून निघतोच, म्हणाले.

त्या दिवशी गावागावात घरोघरी घागरी असतात. पूजा सांगणारे गुरुजी एकच आणि घरं पन्नास. ते येईपर्यंत भाऊ ओसरीवर भिंतीला टेकून बसून राहिले. वाट बघू नका, तसंच भरून निघू या, असं त्या घरात म्हणणारं कुणी नव्हतं. मी असतो तर ओरडलो असतो. गुरुजी आले, घागर भरली, दक्षिणा झाली. उठताना भाऊंचा तोल गेला.

चुलतभावाच्या गाडीतून त्यांना आणलं तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. माझ्या शेजारची खाट तशीच रिकामी होती, चादरीला सुरकुती नव्हती. त्यांना तिच्यावर ठेवलं. आडवं होताच येत नव्हतं, म्हणून मागून चुलतभावाने धरून बसवलं होतं. ओठ जांभळे पडले होते. मास्क चढवत असतानाच त्यांनी मान वळवून मला शोधलं.

"तुले बी असंच झालतं?" त्यांनी विचारलं.

मी माझा मास्क वर केला. "पहाटे," म्हणालो.

"मंग आता बरं वाटते?"

आयुष्यात पहिल्यांदा मला राग यावा असं वाटलं आणि तो आला नाही. रडूही येईना, त्याला श्वास लागतो. मी म्हणालो, "हो भाऊ. बरं वाटतं. तुम्हालाही वाटेल." त्यांनी मान डोलावली. माझा त्यांच्यावर विश्वास होता, तसा त्यांचाही माझ्यावर होता. डॉक्टरणीने पडदा ओढला. पडद्यापलीकडचे सगळे आवाज मला ऐकू येत होते, कुणाचे पाय कुठे गेले, कोण काय मागतंय. तिने खूप केलं. मी अधूनमधून हाक मारत होतो आणि प्रत्येक वेळी बायको माझ्या तोंडावरचा मास्क परत दाबत होती. ऊन खिडकीतून खाली उतरायला लागलं तेव्हा पलीकडे एकदम कुणाचीच घाई उरली नाही.

मी जगलो. पायऱ्या चढताना थांबावं लागतं, थंडीत छाती वाजते, पण जगलो. भाऊंच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की मी त्या खाटेवर पडून राहिलो. यात माझं शहाणपण किती, हे मी स्वतःला विचारतो. माझे वडील त्या वर्षी गेले असते आणि मी एकुलता एक असतो, तर मी पडून राहिलो असतो का? बायको म्हणते, राहिला असता. मला खात्री नाही.

भाऊंच्या शेवटच्या वाटेवर मला जाता आलं नाही, नळ्या लावलेल्या होत्या. जे झालं ते नंतर कळलं. बातमी घरी पोचली तेव्हा अंगणात पंगत मांडलेली होती. पुरण शिजलं होतं, आमरस काढून ठेवला होता आणि बापाच्या नावाने जेवायला बोलावलेली माणसं हातपाय धुऊन भाऊंची वाट बघत पाटावर बसली होती. भाऊंनी जाताना सांगितलं होतं, मी आलो की वाढा. ती माणसं तशीच उपाशी उठली आणि संध्याकाळी त्यांनीच भाऊंना खांदा दिला.